दोरी हातात



गेल्या मंगळवारी रात्री हैदराबादहून लेकीचा फोन आला. नेहमीसारखं "बाबा, जेवलात का, गोळ्या घेतल्या का" असं काहीच नाही. थेट तोफ! "तुम्ही तिला काय सांगून ठेवलंय? ती म्हणते, येत्या रविवारी ती एकटी होडी नेणार. एकटी! आणि वर म्हणते, आजोबांनी पण नेली होती."

'ती' म्हणजे आमची नात. वय वर्षं बारा. दोन महिन्यांपासून हुसेनसागर तलावावर शिडाची होडी चालवायला शिकते आहे. आत्तापर्यंत सोबत कुणी ना कुणी असायचं, आता पहिल्यांदा एकटीची पाळी. लेकीचा जीव टांगणीला लागलाय, आणि खापर माझ्या डोक्यावर.

आता म्हसावद ज्यांनी पाहिलं नाही त्यांना हा विनोदच वाटेल. सातपुड्याच्या पायथ्याचं हे गाव. पाणी म्हणजे विहीर, नाहीतर पावसाळ्यात चार दिवस धावणारी नदी. मोठं पाणी बघायचं तर दक्षिणेला प्रकाशाला तापीवर जायचं, नाहीतर डोंगर ओलांडून नर्मदेच्या बाजूला. तिथे सरदार सरोवराच्या फुगवट्यात आता होड्या आणि बार्ज चालतात, पण इंजिनावर. शिडाशी आमचा संबंध काय? अशा गावातला निवृत्त मास्तर नातीला होडी कशी चालवायची ते सांगतो, म्हणजे वाळवंटातल्या माणसाने पोहण्याचे धडे देण्यासारखं झालं. पण ती खरं सांगते आहे. मी नेली होती. एकट्याने. आणि त्यातली अर्धीच गोष्ट मी घरात सांगितलेली आहे.

बी.ए., बी.एड. झाल्यावर १९७३ साली मला नोकरी लागली ती थेट कोकणात, विजयदुर्गच्या खाडीकाठी एका शाळेत. तेव्हा सिंधुदुर्ग जिल्हा नव्हता, तो १९८१ साली झाला. आमचा नंदुरबारही नव्हता, तो १९९८ चा. म्हणजे धुळे जिल्ह्यातला मुलगा रत्नागिरी जिल्ह्यात भूगोल शिकवायला गेला. पहिल्या वर्षी मी फळ्यावर बाण काढून शिकवलं की दिवसा समुद्राकडून जमिनीकडे वाहतात ते खारे वारे आणि रात्री जमिनीकडून समुद्राकडे वाहतात ते मतलई वारे. पोरं खाली मान घालून हसत होती. का हसतात ते मला कळेना. नंतर कळलं, त्या वाऱ्यांवर त्यांच्या बापांचा रोजचा धंदा चालत होता, आणि मास्तर बाण उलटा काढून बसले होते!

त्यातल्याच एका मुलाचे आजोबा मला होडीत घेऊन जाऊ लागले. आम्ही सगळे त्यांना आबा म्हणायचो. शाळेचं तोंड पाहिलेलं नव्हतं. त्यांची एक जुनी छोटी होडी होती. एका अंगाला उलांडी बांधलेली (उलांडी म्हणजे होडीपासून हातभर लांब पाण्यावर तरंगणारा लाकडी ओंडका, त्याने होडी सहसा कलंडत नाही), मधे बुटकी डोलकाठी, तिला तिरक्या परबाणावर ताणलेलं तिकोनी शीड, मागे सुकाणू आणि त्याला हातभर दांडा. बस्स. रविवारी शाळा बंद. बायको माहेरी असली की मी दिवसभर खाडीवर.

नातीची होडी निराळी. तिला 'ऑप्टिमिस्ट' म्हणतात. अमेरिकेत फ्लोरिडात क्लार्क मिल्स नावाच्या माणसाने १९४७ मध्ये ती मुलांसाठी बनवली, प्लायवुडच्या दोन पत्र्यांत बसेल इतकी साधी. आता ती फायबरची असते. लांबी जेमतेम साडेसात-आठ फूट, वजन ३५ किलो. पंधरा वर्षांपर्यंतची मुलं ती चालवतात. पण फोटो पाहिला आणि मी ओळखलं. एक शीड, एक दोरी, एक दांडा, एक माणूस. आबांच्या होडीचीच नात!

दिवाळीत ती इथे आली होती, तेव्हा आम्ही तोरणमाळला गेलो. म्हसावदहूनच रस्ता वर जातो, सातपायरीच्या घाटातून. वळणं सुरू झाली तशी मी तिला विचारलं, "रस्ता सरळ वर का नाही काढला?" ती म्हणाली, "आजोबा, गाडी चढणार नाही ना." मग मी म्हटलं, वाऱ्याच्या तोंडावर होडीसुद्धा चढत नाही. वारा जिथून येतो तिकडे नाक केलं की शीड नुसतं फडफडतं आणि होडी उभी. त्या दिशेला जायचं तर घाटासारखं तिरकं जायचं. आधी वारा डाव्या गालावर घेऊन, मग वळून उजव्या गालावर. लांब पडतं, पण पोचतो. ती म्हणाली, "सर ४५ अंश म्हणतात." बरोबर आहे, साधारण तेवढंच. आबांची जुनी होडी तेवढीही वर चढायची नाही, आणि ही गोष्ट पुढे महत्त्वाची आहे, लक्षात ठेवा.

वर यशवंत तलावाच्या काठावर आम्ही तासभर नुसते बसलो. बाकीचे भजी खात होते. मी तिला पाणी बघायला लावलं. पाणी सगळीकडे सारखं नसतं. मधेच एक काळसर, बारीक सुरकुत्यांचा पट्टा पाण्यावरून सरकत येतो. तो म्हणजे वाऱ्याचा झोत. तो आपल्याकडे किती वेळात पोचतो ते मोजायचं. दहा मोजेपर्यंत गालाला लागला की समजायचं, आपल्याला वारा वाचता येतो. आबा मला म्हणायचे, "मास्तरानू, आधी वारो बघा, मगे होडी बघा." पहिले तीन रविवार त्यांनी मला दोरीला हात लावू दिला नव्हता. मला राग यायचा. आता वाटतं, मी पण मुलांना तीन तास नुसता नकाशा बघायला लावायला हवा होता.

सुकाणूच्या दांड्याचा घोळ मात्र प्रत्येकाचा होतोच. आपण बैलगाडीवाले. कासरा ज्या बाजूचा ओढाल त्या बाजूला बैल वळतो. इथे उलट! दांडा डावीकडे ढकलला की होडी उजवीकडे जाते. घाबरलेल्या माणसाचा हात हमखास चुकीकडे जातो. यावर आबांचा उपाय असा की दांडा कुठे न्यायचा याचा विचारच करायचा नाही, शिडाकडे बघायचं. दांडा शिडाकडे ढकलला की होडी वाऱ्याच्या तोंडावर वळते आणि सुस्तावते. दांडा शिडापासून आपल्याकडे ओढला की ती वाऱ्याला पाठ दाखवू लागते. नवख्याने घाबरलं की दांडा शिडाकडे ढकलायचा, एवढं पाठ ठेवावं. आणि एक, होडी उभी असेल तर सुकाणू काही करत नाही. पाणी त्याच्यावरून वाहिलं तरच ते वळवतं. म्हणून वळताना आधी थोडी गती हवी, मग वळण. हळूहळू, भीत भीत वळायला गेलं की मधेच, वाऱ्याच्या तोंडावर, होडी अडकते. आमचे सगळे नवशिके तिथेच अडकतात. अडकलं तर घाबरायचं नाही. शीड हाताने वाऱ्यात एका बाजूला ढकलून धरायचं, होडी मागे सरकू लागते, नाक एका बाजूला पडतं, की निघालो. मागे सरकताना सुकाणूही उलटं काम करतं हे ध्यानात ठेवायचं.

एकट्याच्या होडीत खरी अडचण हातांची. एक हात दांड्याला, एक हात शिडाच्या दोरीला. तिसरा हात नाही. बसायचं वाऱ्याच्या बाजूला, शिडाकडे तोंड करून. मागचा हात दांड्यावर, पुढच्या हातात दोरी. वळताना शीड या बाजूचं त्या बाजूला जातं, आपल्यालाही त्या बाजूला जावं लागतं, आणि तेव्हा दोन्ही हातांतलं सामान बदलावं लागतं. डोकं खाली, पाय आडवे आलेले, दोरी बुडाखाली अडकलेली! याचा सराव पाण्यात करू नये. आम्ही दोघांनी दिवाळीत ओट्यावर केला. खुर्चीच्या मागे झाडूचा दांडा अडकवला, समोर खिडकीच्या गजाला परकराची नाडी बांधली, आणि "वळ!" म्हटलं की तिने डोकं खाली घालून पलीकडच्या खुर्चीवर जायचं. पाठीमागे हात नेऊन दांडा नव्या हातात घ्यायचा, दोरी त्या हातातून या हातात. पन्नास वेळा केलं असेल. शेजारच्या काकू विचारत होत्या, मुलीला काही अंगात वगैरे येतं का :-)

वारा पाठीमागून असताना वळणं मात्र तिने सध्या टाळावं असं मी सांगितलंय. समोरून वळताना शीड आधी फडफडतं, सूचना देतं. पाठीमागून वळताना ते एकदम, ताकदीने, डोक्यावरून पलीकडे फेकलं जातं. तिच्या होडीत शिडाच्या खालच्या बाजूला आडवी काठी असते, ती कानशिलात बसली की तारे दिसतात. त्याऐवजी लांबचा रस्ता घ्यावा, समोरून पूर्ण गिरकी घेऊन वळावं. लाज वाटायचं कारण नाही.

आता ती अर्धी गोष्ट.

१९७६ चा फेब्रुवारी. आबांबरोबर दोन हंगाम झाले होते. खाडीच्या आत, त्यांच्या नजरेसमोर, मी एकटा होडी नेत असे. त्या रविवारी आबा लग्नाला गेले होते. बायको या खेपेला माझ्याजवळच होती, नुकतंच बिऱ्हाड थाटलं होतं. तिला होडीचं वावडं. मी पहाटे तिला सांगितलं की शाळेत परीक्षेचे पेपर काढायचे आहेत, दुपारपर्यंत येतो. पहिली चूक ही. माझ्यामागे एका माणसालाही ठाऊक नव्हतं की मी पाण्यावर आहे.

दुसरी चूक भूगोलाच्या मास्तरला न शोभणारी. कोकणात भरतीचं गणित लहान पोरांनाही येतं. तिथीची पाऊणपट करायची, तेवढे वाजता पूर्ण भरती. आम्ही लहानपणी पावकी-निमकी-पाऊणकी घोकली ती दुकानदारीसाठी, त्यांनी समुद्रासाठी. त्या दिवशी अष्टमी होती. आठाची पाऊणपट सहा. म्हणजे सहाला भरती पूर्ण, तिथून बारापर्यंत ओहोटी. इतकं सोपं! मी केलंच नाही. सातच्या सुमारास धक्क्यावर आलो तर खाडी तुडुंब भरलेली, काचेसारखी. आम्हा खान्देशातल्या माणसांना भरलेलं पाणी दिसलं की मंगलच वाटतं. पण भरलेली खाडी म्हणजे रिकामी व्हायला लागलेली खाडी.

पहाटेचा मतलई वारा पाठीमागून. वारा पाठीमागून असला की आपल्याला तो जाणवतच नाही. होडी वाऱ्याबरोबर चालते, ना आवाज, ना गार झुळूक. वाटतं, आज वाराच नाही. पाणीही त्याच दिशेला. मी दोरी सैल सोडून दशमी खात बसलो होतो. बघता बघता किल्ल्याचे बुरूज डाव्या हाताला आले आणि मागे पडले. फार सुंदर दिसत होतं हो, उन्हं नुकती तटावर आली होती. याच तटाखाली १७५६ साली तुळाजी आंग्र्यांचं आरमार जळालं. मी मनात उद्याचा धडा रंगवत होतो.

परत वळलो तेव्हा कळलं वारा किती आहे ते. आता तो तोंडावर, आणि ओहोटीही तोंडावर. घाटासारखं तिरकं जायला लागलो. डावीकडे, उजवीकडे, डावीकडे. अर्ध्या तासाने मान वर करून पाहिलं तर बुरुजाचा तोच काळा दगड समोर. आणखी अर्ध्या तासाने तो दगड थोडा लहान झालेला! चढत होतो तेवढाच, किंवा जास्तच, पाण्याबरोबर खाली घसरत होतो.

आबांचं एक वाक्य मी वहीत लिहून ठेवलं होतं. "जितक्या लांबसून परत येवक जमात, तितक्याच लांब जावा." वहीत लिहिलं होतं, एवढंच. नवख्याने आधी अवघड दिशेला जावं. वाऱ्याच्या तोंडावर, पाण्याच्या विरुद्ध. म्हणजे दमलो, हात भरले, घाबरलो, तर परतीला वारा आणि पाणी दोन्ही घरी ढकलतात. मी सोप्या दिशेला गेलो आणि अवघड परतीसाठी ठेवलं. हुसेनसागरला भरती-ओहोटी नाही, पण वारा आहेच. तेवढं पुरतं.

दहाच्या सुमारास मतलई वारा पडला. शीड ओल्या धोतरासारखं लटकलं. वल्हं एकच होतं. ऊन चढलं. अष्टमी म्हणजे भांगाची ओहोटी, ओढ कमी असते. पौर्णिमा असती तर आज हे लिहायला मी नसतो. साडेअकराच्या पुढे वायव्येकडून पाण्यावर काळसर पट्टा आला. खारा वारा! बाण बरोबर काढला होता या खेपेला. आता वारा घराकडे नेणार होता. मी शीड ताणलं आणि होडी पळाली.

पण सकाळपासून काथ्याची दोरी धरून तळहात सोलले होते. वारा वाढत चाललेला. बाहेर ओढणारं पाणी आणि आत येणारा वारा समोरासमोर भिडले की लाटा आखूड आणि उभ्या होतात, होडी आदळत होती. दांडा दोन्ही हातांनी धरावासा वाटत होता. तेव्हा मी तिसरी चूक केली. शिडाची दोरी बसायच्या फळीला बांधून टाकली. पक्की गाठ. जरा हाताला विसावा.

याबद्दल आबांनी मला पहिल्या दिवशी बजावलं होतं. "दोरी बांधूची नाय. हातात धरा, नायतर सोडा." होडीला ब्रेक नाही, पण दोरी सोडली की शीड मोकळं होऊन फडफडतं, वारा त्यातून निसटून जातो, होडी सरळ होते आणि थांबते. हाच तिचा ब्रेक. काहीही सुचलं नाही तर फक्त हात उघडायचा. बांधलेल्या दोरीला हात उघडून काही होत नाही.

झोत आला तो मी पाहिलासुद्धा. पट्टा सरकत येताना दिसला. मी गाठीकडे झेपावलो. ओला काथ्या फुगून गच्च झालेला. वाऱ्याच्या अंगाची उलांडी पाण्यातून वर उचलली गेली, डोक्यावर आली, आणि पुढचं मला आठवतं ते खारं पाणी आणि शिडाखालचा अंधार.

पोहायला मी विहिरीत शिकलो होतो, पाठीला सुका भोपळा बांधून. विहिरीत दोन हात मारले की कठडा. इथे किनारा दिसत होता, अगदी झाडं मोजता येतील इतका. सगळा जीव म्हणत होता, पोहत जा. नाही गेलो. शहाणपणा म्हणून नव्हे, पाय गळाले होते म्हणून. उपड्या होडीला आणि उलांडीच्या आडव्या वाशाला मिठी मारून राहिलो. लाकूड बुडत नाही. नंतर कळलं, तेच बरोबर होतं. पाण्यातून किनारा नेहमी जवळ दिसतो. आणि शोधणाऱ्याला माणसाचं डोकं दिसत नाही, होडी दिसते.

दोन वाजायच्या सुमारास एक मोठी होडी आली. आबा लग्नाहून लवकर परतले होते. धक्क्यावर त्यांना खुंटा मोकळा दिसला. दुसरं कुणी होडी नेणार नाही हे त्यांना माहीत होतं. पुतण्याला घेऊन निघाले. तिथी त्यांना पाठ, म्हणून कुठे शोधायचं तेही ठाऊक. मला वर ओढून घेतल्यावर मी होडीबद्दल काही पुटपुटलो. शीड फाटलं होतं, सुकाणू गेलं होतं. ते म्हणाले, "होडी दुसरी करता येता. मास्तर खंयसून आणूचो?" मग त्यांनी फळीवरची माझी गाठ बघितली. सुरीने कापली आणि तुकडा माझ्या हातात दिला. त्यावर एक शब्द बोलले नाहीत. परवापर्यंत तो तुकडा माझ्या पेटीत होता.

लेकीने फोनवर विचारलं, "पण बाबा, मोठे लोक तरी एकटे जातात का?" जातात तर! आपल्या नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ ला मुंबईहून 'म्हादेई' घेऊन निघाले आणि मे २०१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून परत आले. असं करणारे ते पहिले भारतीय. ती बोट गोव्यात बांधलेली, नाव तिथल्याच नदीचं. आणि सगळ्या जगात पहिल्यांदा कुठेही न थांबता एकट्याने प्रदक्षिणा केली ती रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी, १४ जून १९६८ ते २२ एप्रिल १९६९, ३१२ दिवस. त्यांची ३२ फुटी 'सुहैली' कुठे बांधली होती माहीत आहे? मुंबईत! सागवानाची. तिला आपोआप दिशेवर ठेवणारं यंत्र अर्ध्या वाटेत मोडलं. मग त्यांनी शिडं अशी तोलून लावली की माणूस झोपला तरी बोट आपली वाट सोडेना.

नात हुशार आहे, लगेच म्हणाली, "म्हणजे त्यांनी बांधलं, तर चाललं!" चाललं, कारण तसल्या बोटीच्या तळाला जड वजन असतं, आडवी झाली तरी ती पुन्हा उभी राहते. तुझी ३५ किलोची आहे, आणि त्यात सगळ्यात जड वस्तू तूच.

अभिलाष टॉमींचं मी लेकीला मुद्दाम सांगितलं नाही, पण इथे सांगतो. हेही नौदलाचेच. २०१८ च्या सप्टेंबरमध्ये दक्षिण हिंदी महासागरात वादळात त्यांच्या 'थुरिया'ची डोलकाठी मोडली, पाठीला जबर मार लागला, हलता येईना. ते बोटीतच राहिले आणि तिसऱ्या दिवशी फ्रेंच जहाजाने त्यांना उचललं. त्याच शर्यतीत ते पुन्हा उतरले आणि २०२३ मध्ये दुसरे आले. होडी सोडू नये हे तिथेही तसंच.

तर नातीसाठी माझं म्हणणं एवढंच राहतं. लाइफ जॅकेट काठावरच घाल, पाण्यात उतरल्यावर नव्हे, आणि शिट्टी त्याला बांधलेली आहे ना बघ. खालची फळी नीट बसली आहे ना बघ, नाहीतर होडी खेकड्यासारखी आडवी सरकेल. पाणी उपसायचं भांडं होडीला बांधून ठेव (बांधायची वस्तू ती, दोरी नव्हे). आधी वाऱ्याच्या तोंडावर जा. उलटली तर उलटली. तुमच्याकडे मुद्दाम उलटवून शिकवतात, हे ऐकून मला फार बरं वाटलं. आम्हाला ते कुणी शिकवलं नव्हतं. त्या फळीवर चढून उभी राहिलीस की तुझ्या वजनाने होडी सरळ होते. नाही झाली तर धरून राहा, मागे इंजिनाची बोट असतेच.

आणि जाण्याआधी आईला खरं सांगून जा. किती वाजता निघणार, किती वाजता परत.

हे सगळं लिहून झाल्यावर काल रात्री सौ.ला वाचून दाखवलं. पन्नास वर्षं ही गोष्ट तिच्यापासून लपवली होती. त्या दिवशी मी आबांच्या घरी कपडे वाळवले, सहाला घरी गेलो आणि सांगितलं, पेपर काढायला वेळ लागला. ती शेंगा निवडत होती. ऐकताना तिने मान वर केली नाही. गाठीपर्यंत आल्यावर माझाच आवाज जरा अडखळला.

ती म्हणाली, "आबांची बायको दुपारी येऊन सांगून गेली होती. तुम्ही सापडलात म्हणून. मी तीन तास धक्क्यावर बसले होते, तुम्ही दिसलात तशी घरी आले."

मी विचारलं, मग बोलली का नाहीस?

"तुम्ही पेपर काढत होतात ना," ती म्हणाली.

मला आठवलं, पुढच्या रविवारी तिने न विचारता दशम्या फडक्यात बांधून दिल्या होत्या आणि म्हणाली होती, "किती वाजता परत?" मला वाटलं होतं, ती शाळेबद्दल विचारते आहे.

दोरीचा तुकडा परवा कुरिअरने हैदराबादला पाठवला आहे. रविवारी सकाळी साडेसातला तिची पाळी. आजीचं म्हणणं, परत आल्यावर पहिला फोन तिला करायचा, मला नंतर.